पर्सीला केलेला फोन

माझं इंग्लिश उत्तम आहे, हे मी पुण्याहून बंगलोरला आल्या आल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं. सॉफ्टवेअरची नोकरी आणि अमेरिकेतल्या साहेबाशी थेट फोनवर बोलणं. १९९५ साली एवढं पुरत होतं. म्हणून एका सकाळी माझे घरमालक जयसिंगराव जिना चढून माझ्या खोलीत आले.

"शंतनू, आमचा पर्सी ऑस्ट्रेलियाला चाललाय. लेकीकडे, कायमचा. रविवारी विमान आहे."

पर्सी म्हणजे येलहंक्याच्या विमान दुरुस्तीच्या वर्कशॉपातला त्यांचा जोडीदार. दोघांनी उभी नोकरी एकाच इंजिनाच्या दोन बाजूंना काढली होती. रिटायर झाल्यावर मात्र गाठ पडली नव्हती. पर्सी घरीदारी इंग्लिशच बोलायचा आणि काकांचं इंग्लिश पान्याच्या नंबरांपुढे गेलं नव्हतं.

"ओळखेल ना रे तो? 'आर यू रिमेंबरिंग मी' असं विचारू?"

"छे, काका. फारच देशी वाटतं ते. 'डू यू नो हू आय ॲम?' असं विचारा. साहेबी वळण आहे त्याला."

"सरी," असं कानडीत 'बरं' म्हणत काका घोकायला लागले.

खाली जमनाकाकूंनी फोनवरचा विणलेला रुमाल काढला आणि त्या शेजारी उभ्या राहिल्या. माणूस जितका लांब तितका आवाज मोठा, असा काकांचा हिशेब. आमचं घर जे. पी. नगरला, पर्सी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रेझर टाउनला.

"डू यू नो हू आय ॲम?" काका गरजले.

मी रिसीव्हरला कान लावला होता. पलीकडून बारीक आवाज आला, "हू इज धिस?"

"नाव इतक्यात सांगू नका, गंमत जाईल," मी कुजबुजलो आणि पुढची वाक्यं पुरवली.

"आय हॅव नॉट फरगॉटन यू. आय नो यू आर लीव्हिंग ऑन संडे. आय ॲम कमिंग."

फोन बंद झाला.

काका रिसीव्हर धरून तसेच बसले. "विसरला," ते हळूच म्हणाले.

"विसरणारा माणूस नाही तो," जमनाकाकू म्हणाल्या. "तुम्ही दम दिल्यासारखे का बोललात पण?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दिलेलं एकेक वाक्य व्याकरणात बिनचूक होतं आणि सुपारी घेतलेल्या गुंडाच्या तोंडी शोभलं असतं. घाईघाईने पुन्हा फोन लावला, तर कोणी उचलेना.

आम्ही रिक्षाने निघालो. काकांच्या मांडीवर काकूंनी दिलेला चिरोट्यांचा डबा. पर्सीच्या फाटकापाशी दोन शेजारी हॉकी स्टिक घेऊन उभे होते. दाराला आतून साखळी.

"व्हॉट डू यू वॉन्ट?" एकाने विचारलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी रिक्षाकडे पाहिलं. शेवटी त्यांनी डबा माझ्या हातात दिला, खिडकीकडे तोंड करून हात उंच केला आणि मनगट दोनदा गोल फिरवलं. वर्कशॉपातल्या आवाजात बोलणं ऐकू यायचं नाही. तिथे या खुणेचा अर्थ 'बंद कर, चहाला चल' असा होता, हे मला मागाहून कळलं.

पडदा हलला. साखळी खळकन पडली. एक उंच म्हातारा चट्ट्यापट्ट्याच्या पायजम्यातच धावत बाहेर आला.

"जेसिंग! आय थॉट सम गूंडा वॉज कमिंग टू किल मी, मॅन!"

त्याने काकांना मिठी मारली आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग दोघे बांधलेल्या ट्रंकांच्या मधे सोफ्यावर बसले. काकांचा हात पर्सीच्या दोन्ही हातांत होता, आणि दोघेही आळीपाळीने नाक पुसत होते.

पर्सीच्या बायकोने मला चहा दिला. "अँड यू, सन? डू यू स्पीक इंग्लिश?"

मी एक अख्खा चिरोटा तोंडात कोंबला आणि कानडीत म्हणालो, "स्वल्प."