हुद्दा पाहून मराठी

उमाटेबाबूंना फोन करायचा असेल तर आधी स्वतःचा हुद्दा पाठ करून ठेवा. "हॅलो" नंतरचं त्यांचं दुसरं वाक्य ठरलेलं आहे : "आपण कोणत्या पदावर आहात?" ते कळेपर्यंत हा माणूस पुढं एक अक्षर बोलत नाही. परवा एकाचा चुकून फोन लागला. त्याला चक्कीवाला पाहिजे होता. पाच मिनिटं नुसतं "कोण बोलून राह्यलं?", "आधी आपण कोण?" असं चाललं. शेवटी तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "मी दळण टाकलं होतं जी!" तेव्हा कुठं बाबूंचा जीव भांड्यात पडला. "मंग तसं सांग ना बे!" म्हणाले, अन् त्याला खऱ्या चक्कीचा नंबर शोधून दिला.

आमचं ऑफिस वर्ध्यात, सरकारी. कोणतं ते सांगत नाही, मला अजून नोकरी करायची आहे. उमाटे तिथले हेडक्लार्क, म्हणजे बडेबाबू. मी सिंदीहून अपडाऊन करणारा साधा बाबू. बडेबाबूंच्या तोंडात तीन मजले आहेत. वरच्या मजल्यावर साहेब. तिथली मराठी अशी, की शासन निर्णयालाही घाम फुटावा. मधल्या मजल्यावर बरोबरीचे. त्यांच्याशी हिंदी : "क्या बाबूजी, तबियत-पानी ठीक?" अन् तळमजल्यावर आम्ही. आम्हाला अस्सल वऱ्हाडी. "काऊन बे, आज बी लेट? गाडीनं आला का गाडी ढकलत आला?"

चहाचंही तसंच. साहेबांना चहा 'सादर' होतो. बरोबरीच्याला "लीजिए". मला "घे, ढोस".

एकदा एक कुत्रं ऑफिसात शिरलं. कुणीतरी म्हणालं, नव्या साहेबांचं दिसतं. बाबू खुर्चीतून उठले अन् पंख्याखाली हात दाखवून म्हणाले, "इकडे बसावे." कुत्रं बसलं. तेवढ्यात शिपाई सांगत आला, हे तर समोरच्या टपरीवरचं. "हाड बे! बसून काय राह्यला लाटसाहेबावानी!" एका श्वासात वरून थेट खाली. कुत्रं गोंधळून माझ्याकडं पाहायला लागलं. मी म्हटलं, होईल रे बाबा सवय.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. मग त्यांची एकुलती एक पोरगी, सुषमा, स्पर्धा परीक्षा पास झाली अन् वर्ग दोनची अधिकारी झाली. बाबू वर्ग तीन. आता बोला! एका निकालानं पोरगी बापाच्या डोक्यावरच्या मजल्यावर जाऊन बसली.

अभिनंदन करायला मी पवनारला त्यांच्या घरी गेलो. जेवायची पानं मांडली होती. बाबू टोपलं घेऊन पोरीसमोर वाकले. "मॅडम, भाकर सादर आहे."

"बाबा, नीट बोला ना," सुषमा म्हणाली.

"आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे."

"कायची नोंद जी?" काकू चुलीजवळूनच कडाडल्या. "येडे झाले का तुमी? पोटची पोरगी हाय ते, कलेक्टर नोय!"

फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. मी वाचला. 'विषय : पंखा जोरात लावून झोपण्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आपणांस सर्दी होण्याची दाट शक्यता आहे. तरी उचित कार्यवाही व्हावी, ही विनंती.' खाली तारखेसह सही. त्याखाली, 'प्रत : आई, माहितीस्तव.' मला इतकं हसू आलं, की भाकरीचा घास नाकात गेला.

सुषमा मात्र हसली नाही. फाटकापर्यंत मला सोडायला आली अन् हळूच म्हणाली, "भाऊ, बाबा तुमच्यावर अजून ओरडतात?"

"रोज."

"कसे ओरडतात?"

मी जसंच्या तसं ओरडून दाखवलं. तिचे डोळे भरून आले. "एक महिना झाला, बाबानं मले 'बाई' म्हणून हाक नाई मारली. सोमवारी रुजू व्हाले जाऊन राह्यली मी, चंद्रपूरकडं. जायच्या आंधी एकदा तरी बाबा माह्याशी बोलले पायजे. सांगा ना तुमी त्याईले."

दुसऱ्या दिवशी मी बाबूंना स्पष्टच विचारलं. म्हटलं, शोभतं का हे तुम्हाला? त्यांनी कपाट बंद केलं, इकडंतिकडं पाहिलं अन् खुर्ची जवळ ओढली.

"तुले नाई समजत. पयली नोकरी लागली, तवा मी साहेबाले म्हटलं, 'मले सुटी पायजे.' साहेब हासला. चार लोकाईसमोर माही नक्कल केली. तवापासून वर्सभर माहं नावच पडलं, 'मले'. 'ए मले, फाईल आण.' लग्नाची पत्रिका द्याले गेलतो, तरी 'या मलेसाहेब!'" बाबू हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "सुषमा भल्ली भोळी हाय. घरी मले-तुले आयकत राह्यली, त मिटिंगमध्ये तिच्या तोंडून निंगन. मंग तिलेई हासतीन. म्हणून जीभ दाताखाली धरून बसलो. अजून दोन दिवस धरतो."

मी त्यांना फैलावर घ्यायला गेलो होतो. शेवटी विचारलं ते एवढंच, सोमवारी सामान उचलायला कितीला येऊ?

सोमवारी मी अर्धी रजा टाकून सामान उचलायला गेलो. काकूंनी सगळ्यांना जेवू घातलं. सुषमानं माझ्यासमोर दोन भाकरी अन् झुणका खाल्ला. काकू घरीच रडत बसल्या, अन् आम्ही तिघं वर्ध्याच्या स्टँडवर आलो. तिला खिडकीची जागा मिळाली. बाबू खिडकीखाली, साहेबासमोर उभे राहतात तसे, हात बांधून.

तिनं एकदा बापाकडं नीट पाहिलं. मग स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणाली, "बाबा, आपण रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घ्याव्यात, ही विनंती. मी आता निघत आहे."

"ठीक आहे, मॅडम," बाबू म्हणाले.

गाडी सुटली अन् वळणावरून दिसेनाशी झाली. बाबू तिथंच उभे.

"पाह्यलं बे? एक 'ले' नाई निंगाला तोंडून."

"मग झालं की तुमच्या मनासारखं."

"हो ना." ते बाकावर बसले. "'येते बाबा' बी नाई म्हणाली रे. निघत आहे म्हणाली." अन् एवढा बडेबाबू, भर स्टँडवर रुमालात तोंड घालून रडायला लागला.

माझं डोकंच फिरलं. कीव आली अन् संतापही आला. मी सुषमाला फोन लावला, स्पीकर सुरू केला अन् त्यांच्या तोंडासमोर धरला. "बोला आता! सादर-बिदर काही नको."

"हॅलो, भाऊ?" तिकडून आवाज आला.

बाबूंनी माझ्या हातासकट फोन धरला.

"बाई... जेवली का वो?"

तासाभरापूर्वी आम्ही एकाच पंगतीत जेवलो होतो.

"नाई जेवली, बाबा," ती म्हणाली.

"काऊन नाई जेवली?" बाबू ताडकन उठले. "उपाशी पोटी एवढ्या दूर निंगाली? डोस्कं फिरलं का तुहं? मायनं डबा देला ना? उघड आंधी तो डबा! अन् खिडकी लाव, वारं लागन!"

सगळा स्टँड वळून पाहत होता. फोनमधून "हो बाबा, हो बाबा" ऐकू येत होतं, अन् मधूनच नाक ओढल्याचा आवाज. माझ्या मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत तो माणूस पोरीला रागावत होता.