चार गच्च्या, एक होकार

सगळं ऐकणाऱ्याला काहीच समजत नाही, ही गोष्ट विज्ञानाने आता मान्य केली आहे.

चारठाण्याजवळच्या आमच्या गावात चौसष्ट अँटेनांचा टॉवर उभा राहिला. तो उभारणारा आमच्याच गावचा सिद्धोधन पारावर सांगत होता, "पूर्वी सगळ्या अँटेना ऐकलेलं जसंच्या तसं एका डोक्याकडं पाठवायच्या. ते डोकं दमायचं. आता गट पाडलेत. प्रत्येक गट आपला अंदाज काढतो आन् पुढच्याला नुसता अंदाज देतो. ऐकलेलं न्हाई."

"यात नवं काय हाय बाबा?" तानुबाई म्हणाल्या. "आमी लय वर्षं हेच करायलोत."

टॉवरला अद्याप वीज नाही (सातवा महिना). त्यामुळे माझी पुतणी राजेश्री हिच्या स्थळाचा निकाल गावाला जुन्याच यंत्रणेवर लावावा लागला.

मुलाचे वडील व्यंकटराव यांनी रीतीप्रमाणे मुलीच्या घरी फोन न करता इतर चार घरी केला. चौघे आपापल्या गच्चीवर धावले. फोन तुटत होता. तानुबाईंना 'मुलगी' ऐकू आलं, सगुणाबाईंना 'बघू', बन्सीधर मास्तरांना 'दिवाळी'. दत्तरावांना नुसता खोकला ऐकू आला. पण खोकला मोकळा होता, असं त्यांचं मत पडलं.

नियमाप्रमाणे पुढे फक्त अंदाज गेले. पहिल्या गच्चीवरून 'पसंत' निघालं, दुसरीवर ते 'ठरलं' झालं, तिसरीवर तारीख लागली, चौथीवर आचारी सांगितला गेला. खात्रीचं प्रमाण पंचवीस टक्क्यांवरून चारशेवर गेलं.

पोरीला अजून दोन वर्षं शिकायचं होतं. हे मला एकटीला ठाऊक होतं. पण गुरुवार होता, आणि दिवेलागणीपर्यंत माझं मौन असतं. मी हात हलवून नको-नको केलं. "काकूंना आनंदानं बोलता येईना," सगुणाबाई म्हणाल्या आणि माझंही मत जमेस धरलं.

मग राजेश्रीने स्कूटी काढली, देवगाव फाट्याला पूर्ण रेंजमध्ये उभी राहिली आणि व्यंकटरावांना म्हणाली, "काका, मला आत्ता लग्न करायचं न्हाई."

"बरं झालं बाई सांगितलंस," ते म्हणाले. "आमचं तर अजून बघू-बघूच चालू होतं."

चारही गच्च्या तिच्यावर रुसल्या आहेत. आचारी रुसला आहे. मुलीकडे कुणीच कान दिला नव्हता, ही किरकोळ तांत्रिक त्रुटी समजून यंत्रणा पुढे चालू ठेवली आहे.

आणि तुम्ही? खोटं बोलू नये, आज माझा उपास आहे. पोरीला शिकायचंय हे वाचूनही, मुलाकडचे शेवटी काय म्हणाले, यालाच तुम्ही कान लावून होतात. म्हणजे गच्च्या पाच झाल्या.