कमकुवत चेहरा

विट्याच्या हेमलता बाबर यांचा चेहरा अकरा मार्चला कमकुवत ठरला आणि तो बदलून घ्यायला त्यांना सात दिवसांची मुदत मिळाली. नोटीस पोस्टमनने आणून दिली. त्याने नोटिशीवरचा चेहरा आणि दारातला चेहरा पडताळून पाहिला, दोन्ही सारखेच कमकुवत असल्याची खात्री करून घेतली आणि सही घेऊन तो पुढच्या घरी गेला.

हेमलताबाईंना सगळी गल्ली हेमाक्का म्हणते, तेव्हा आपणही तेच म्हणू. हेमाक्काचं मिरची कांडपाचं यंत्र होतं. मार्च म्हणजे ऐन चटणीचा हंगाम. दारात ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्यांच्या पिशव्या रांगेने लागलेल्या, आणि अशात ही नोटीस. घरात माणसं दोनच, हेमाक्का आणि तिची चौऱ्याऐंशी वर्षांची आई अनसूयाबाई. नवरा गेल्यावर हेमाक्का माहेरी आली त्याला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिच्या चेहऱ्याबद्दल कुणी तक्रार केली नव्हती. सासरच्यांनीही नाही, आणि ते कशालाही नावं ठेवत.

दुसऱ्या दिवशी यंत्र बंद ठेवून ती चेहरा पडताळणी कार्यालयात गेली. तिथे शिरगुप्पे नावाचे साहेब होते. टेबलावर त्यांच्या नावाची पाटी होती आणि शर्टालाही एक होती, कारण त्यांचा स्वतःचा चेहरा त्याच तिमाहीत बदललेला होता.

"हा चेहरा आपण कुठे कुठे वापरता?" साहेबांनी फॉर्म पुढे ओढत विचारलं.

"समदीकडं."

"म्हणजे?"

"बँकेत, रेशनला, दवाखान्यात. लग्नाकार्याला. मयतीला जाते तवाबी ह्योच असतोय."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माणूस खरोखरच हादरला होता.

"एकच चेहरा? सगळीकडे?"

"दुसरा न्हाई ओ साहेब."

"आणि अठ्ठावन्न वर्षांत एकदाही बदलला नाही?"

"जरा सुरकुतलाय. तेवढाच काय तो बदल."

"सुरकुत्यांना बदल म्हणत नाहीत, बाई. जुन्यालाच पुढे एक आकडा जोडावा तसं आहे ते. चेहरे चोरणाऱ्याला कळायला वेळ लागत नाही."

त्यांनी तिला भिंतीवरच्या आरशासमोर उभं केलं. आरशाखाली एक पट्टी होती. हेमाक्का समोर येताच पट्टी इवलीशी पेटली आणि लाल झाली. तिच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांनी चुकचुक केली. चारचौघांत असं तोंड उघडं पडलेलं तिला फार लागलं.

नियम साहेबांनी शांतपणे समजावले. चेहऱ्यात किमान आठ खुणा हव्यात. एक तरी अवयव मोठा हवा, एक तरी लहान. एक अंक हवा. आणि एखादी अशी खूण, की जी सहसा कुणाला नसते.

"ठसठशीत टिकली लावली तर?"

"टिकली सगळ्यात आधी ओळखतात."

"अंकाचं म्हणाल तर कपाळावर आठ्या हायती."

"आठ्या चालत नाहीत. आठ चालतो."

"मग गोंदण? हनुवटीवर?"

साहेबांनी नोंदवही उघडली. "तुमच्या आईंना तिथेच गोंदण आहे. म्हणजे तेही गेलं. चेहऱ्यात आई, वडील, भाऊ, बहीण कुणाचीही झाक नको. चोर पहिल्यांदा तीच लावून बघतो. आणि खरं सांगायचं तर तुमची अख्खी हनुवटीच आईची आहे."

"हाय की. समदी म्हंत्यात."

"समदी म्हणतात, हाच तर धोका आहे."

इथे मात्र हेमाक्काच्या तोंडचं पाणी पळालं. अनसूयाबाईंचे डोळे काचबिंदूने गेले होते. त्यांना उजेड कळे, माणूस कळत नसे. हेमाक्का कांडपावरून घरात आली, की त्या तिला जवळ बोलावून कपाळावरून तळवा फिरवीत खाली आणत. हनुवटीपाशी आल्या की म्हणत, "हं. हेमी." एवढं झालं की त्यांचा जीव भांड्यात पडे. मग त्या तिच्या हातून चहा घेत आणि रक्तदाबाची गोळी घेत. दुसऱ्या कुणाच्या हातचं त्या काहीही घेत नसत.

हे सगळं हेमाक्काने साहेबांना सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि एक पुस्तिका दिली. तिच्या चौथ्या पानावर लिहिलं होतं, नवा चेहरा घरच्यांना वेळेवर कळवावा. पाचव्या पानावर लिहिलं होतं, नवा चेहरा घरच्यांनाही सांगू नये.

"ह्यातलं कुठलं धरू?"

"दोन्ही. सोपं आहे, बघा, म्हणून तर समोरासमोर छापलंय."

"जुन्याचा एक फोटू तरी काढून ठेवू?"

"कुठेही उतरवून ठेवायचा नाही," साहेब म्हणाले. हे त्यांनी इतक्या कळवळ्याने सांगितलं, की हेमाक्काला पुढे वाद घालता येईना.

ती घरी आली आणि तिने काहीच केलं नाही. विट्यात नोटिसा येतात आणि जातात, असा तिचा अनुभव होता. तिने नोटीस मिठाच्या बरणीखाली सरकवली आणि मिरच्या कांडायला घेतल्या. आईला ती काही बोलली नाही. सातही दिवस ती सांज-सकाळ आईच्या तळव्याखाली चेहरा धरत राहिली, रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ.

आठव्या दिवशी सकाळी समोरची छबूताई मिरच्यांची पिशवी घेऊन दारात आली आणि म्हणाली, "हेमाक्का न्हाईत का घरात?"

"अगं, मीच की."

छबूताईने तिच्याकडे नीट पाहिलं. वीस वर्षांचा शेजार, एकमेकींच्या घरचं विरजण नेलेलं. "न्हाई बाई," ती अगदी मायेने म्हणाली, "मुदत सपली न्हवं काल? आता मी कशी वळखू तुमास्नी? हेमाक्का आल्या की सांगा, छबू येऊन गेली म्हणून." आणि ती पिशवी घेऊन परत गेली. तिच्या मनात काळंबेरं काही नव्हतं. हेमाक्का दारात उभीच राहिली. परका माणूस ओळखत नाही त्याचं काही वाटत नाही, पण छबूताईने असं गोड बोलून परतावं, हे तिला सोसेना.

दुपारी आईच्या गोळ्या आणायच्या होत्या. पाकिटात एकच उरली होती. दवाखान्यातल्या खिडकीवरच्या माणसाने तिचा चेहरा पाहिला आणि मान हलवली. तिने पदराने तोंड पुसून परत दाखवला. त्याने परत मान हलवली. तिसऱ्यांदा तिने जरा हसून दाखवला, तेव्हा खिडकी आपोआप बंद झाली आणि अर्ध्या तासाने उघडली.

"गोळ्या माझ्या न्हाईत," ती म्हणाली. "माझ्या आईच्या हायती."

"त्यांच्या गोळ्या त्यांच्या मुलीलाच देता येतात."

"मी मुलगीच हाय की तिची!"

"कोणत्या चेहऱ्यावरून?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात खोट नव्हती, त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी तिची गत झाली. जुना चेहरा ठेवावा तर गोळ्या मिळत नाहीत, नवा घ्यावा तर आई ओळखत नाही. रात्री शेवटची गोळी देताना तिने आईचा हात हनुवटीवर घट्ट दाबून धरला. "काय गं हेमे, दात दुकतोय का?" अनसूयाबाईंनी विचारलं. "व्हय," हेमाक्का म्हणाली. दिवसभरात तिला सुचलेलं हे पहिलं खोटं होतं आणि तेही धड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रिकामं पाकीट कनवटीला लावून, ती शिरगुप्पे साहेबांपुढे बसली. साहेबांनी उशिराबद्दल एक शब्दही काढला नाही. त्यांनी आधी नाक मोठं केलं, मग एक भुवई लहान केली. डाव्या गालावर आठचा आकडा घातला आणि उजव्या कानापासून ओठापर्यंत एक तिरकी रेघ ओढली. दर खेपेला ती आरशासमोर जाऊन उभी राही. पट्टी लालची पिवळी झाली आणि तिथेच अडली.

"हनुवटी," साहेब म्हणाले.

हेमाक्काला रडू आलं. रडत्या चेहऱ्याची नोंद घेता येत नाही, म्हणून साहेब तिचं रडणं थांबेपर्यंत बसून राहिले. त्यांनी तिच्यासाठी पाणीसुद्धा मागवलं. "माझा हा सहावा," ते हळूच म्हणाले. "पहिल्याला त्रास होतो. मग घरचे दार उघडण्याआधी नाव विचारतात, आपण सांगतो, सवय होते." मग त्यांनी हनुवटी काढून घेतली आणि दुसरी बसवली. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवीगार झाली. रांगेतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"आता खात्रीसाठी पुन्हा एकदा," साहेब म्हणाले. त्याप्रमाणे ती बाहेर गेली आणि तोच चेहरा घेऊन परत आत आली. तो बरोबर निघाला. नव्वद दिवसांनी यायला सांगून साहेबांनी तिला निरोप दिला.

गोळ्या दोन मिनिटांत मिळाल्या. खिडकीवरच्या माणसाने नुसतं पाहिलं आणि "या, हेमलताबाई," म्हणून दोन पाकिटं पुढे केली. बाजारातून येताना कापडाच्या दुकानाच्या काचेत एक बाई अंगावर चालून येताना तिला दिसली, तेव्हा हेमाक्का तिला वाट द्यायला बाजूला झाली. गल्लीच्या तोंडाशी छबूताईने लांबूनच हाक मारली, "आलासा व्हय हेमाक्का? मिरच्या घिऊन येऊ का?" हेमाक्काचा तिलाच अजून पाठ न झालेला चेहरा गल्लीला तोंडपाठ होता.

अनसूयाबाई खाटेवर बसल्या होत्या. पायरव ऐकून त्यांनी हात पुढे केला. हेमाक्का त्यांच्यासमोर बसली. तळवा कपाळावरून नाकावर आला, जरा अडखळला, गालावरच्या आकड्यावरून फिरला, खाली हनुवटीपाशी गेला आणि चटका बसल्यागत मागे आला.

"कोण गं तू?"

"आई, मी."

"मी कोण?"

"हेमी."

"आवाज बरा काढतीस," अनसूयाबाई म्हणाल्या. "आताशा आवाजबी काढत्यात म्हणं, शिकून येत्यात. काय पायजे तुला?"

"आई, तू कायबी इचार मला. माझं बारसं इचार. पाळणा दौलतमामीनं हलवला हुता. नाव आत्यानं ठिवलं."

"त्ये समद्या गल्लीला ठावं हाय."

हेमाक्काने आंब्याच्या झाडावरून पडल्याचं सांगितलं. ते मामाच्या गावाला ठाऊक होतं. सासरी जाताना आईने कानात काय सांगितलं ते तिने सांगितलं. तेच सगळ्याच आया सांगतात, असं अनसूयाबाई म्हणाल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. शेवटी हेमाक्काने आवाज खाली आणला.

"मी सात वर्साची हुते. आण्णा रानात गेल्यावर तू मला घिऊन यष्टी स्टँडवर गेलीस. बोचकं घेतलं हुतंस. आण्णास्नी सोडून कायमची निघाली हुतीस. दुपारभर आपण बाकड्यावर बसलो, तीन गाड्या गेल्या, तू चढली न्हाईस. मग परत आलो, आणि घरी सांगितलं की रेवणसिद्धाच्या दर्शनाला गेलतो."

अनसूयाबाईंनी पदर सारखा केला.

"ह्ये तुला तिनं सांगितलं?"

"आई, मीच ती..."

"शपथ घातली हुती मी तिला. एकावन्न वर्सं झाली. मला वाटलं, पोरीनं पोटात ठिवलंय. एका तिऱ्हाईत बाईला सांगितलं तिनं. आणखी कुणाकुणाला सांगितलं आसंल?"

आईचा आपल्यावरचा एवढा मोठा विश्वास आपल्याच तोंडाने आपण असा मोडला, हे हेमाक्काला कळलं. आणि ते तोंड आपलं नव्हतं, हे सांगूनही उपयोग नव्हता.

सात वाजले. गोळीची वेळ झाली. तिने पाकीट फाडून गोळी काढली आणि पाण्याचा तांब्या आणला.

"आई, निदान गोळी तरी घे."

"परक्याच्या हातची न्हाई घेत मी." अनसूयाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं, मग जरा नरमून खाटेवर थोडी जागा केली. "तुझं काय चुकलं म्हणा. बस हितं. लांबून आली आसशील. हेमी यील आता दवाखान्यातनं. तिला एक इचारायचंय मला. मग घीन गोळी."

हेमाक्का आईशेजारी बसली. दार उघडं होतं. दोघी रस्त्याकडे तोंड करून हेमीची वाट पाहू लागल्या. साडेसात झाले, आठ झाले. गोळी तळहाताच्या घामाने ओली होत चालली, आणि एवढा वेळ ही अजून कशी आली नाही, याची हेमाक्कालाही काळजी वाटू लागली.