ताशी चाळीस

माझं एक ठाम मत आहे. मोटरसायकलची शर्यत माणूस वेगाने जिंकत नाही, अभ्यासाने जिंकतो. मी आजवर एकही शर्यत जिंकलेली नाही, त्यामुळे हे मत मला कधी तपासून बघता आलेलं नाही. पण मत ठाम आहे.

पेशाने मी कवळ्या बनवतो. आठवडाभर लोकांचे दात घासूनपुसून जागेवर बसवायचे आणि रविवारी स्वतःचे दात आवळून क्लबच्या शर्यतीत उतरायचं, असा माझा गेल्या तीन वर्षांचा क्रम. वय सेहेचाळीस. त्या मोसमात सहा शर्यती झाल्या होत्या. पाचांत मी शेवटचा आलो होतो आणि एकात शेवटून दुसरा. त्या एकात एक जण पडला होता. तो उठून, कपडे झटकून पुन्हा निघालाही होता, पण तोवर मी कसाबसा त्याच्या पुढे गेलो होतो.

आमच्या क्लबने त्याच वर्षी एक साधा नियम आणला होता. पहिल्या पंधरा जणांना गुण मिळतात, आणि पहिलं वर्ष सोडलं तर ज्याला अख्ख्या मोसमात एकही गुण नाही त्याची जागा पुढच्या वर्षी नव्या माणसाला जाते. सातवी शर्यत शेवटची होती, आणि ती मी जन्मात न पाहिलेल्या ट्रॅकवर होती.

"मग आता?" बायकोने विचारलं.

"आता अभ्यास," मी म्हणालो.

त्या ट्रॅकची जेवढी चित्रं आणि चित्रफिती मिळाल्या तेवढ्या मी पाहिल्या. अकरा वळणं होती. प्रत्येकाला वहीत एक पान दिलं. रोज संध्याकाळी सोफ्याच्या हातावर घोड्यासारखा बसून, झाडूचा दांडा हँडल म्हणून धरून मी सराव करू लागलो. बायको पहिलीच्या वर्गाला शिकवते. तिने वही हातात घेतली आणि बाराखडी घोटून घ्यावी तशी वळणं घोटून घेतली.

"तीन?"

"डावं, लांबलचक. निळ्या टाकीपाशी ब्रेक."

"चार?"

"उजवं, आखूड. घुर्रर्र."

"घुर्रर्र वहीत नाही."

चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन घरात कोणी आजारी आहे का, अशी काळजीने चौकशी करून गेल्या. पण पंधरा दिवसांनी मी डोळे मिटून, चहा पितापिता अकराच्या अकरा वळणं घेत होतो. सोफ्याचा एक हात कायमचा कलला, एवढंच.

शर्यतीच्या दिवशी आम्ही तिघं सकाळीच पोचलो. तिसरा म्हणजे माझा धाकटा मेहुणा. तो कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करतो आणि हौसेने माझी गाडीही बघतो. हात चांगला आहे, पण निदान करताना मूळ धंदा आडवा येतो. "भाऊजी, थरथर जास्त आहे," तो गाडीला कान लावून म्हणतो, "एका बाजूला भार जास्त झालाय." तो एका बाजूचा भार म्हणजे मी.

ट्रॅकवरच्या चहाच्या खिडकीशी चार नवखी मंडळी घोळक्याने उभी होती. क्लबात नुकतीच आलेली, चेहऱ्यावर परीक्षेच्या सकाळची कळा. त्यातल्या एकाने विचारलं, "काका, तुम्ही इथे आधी आलायत का?"

"आलो नाही," मी कप हलवत म्हणालो, "पण इथलं वळणन् वळण मला तोंडपाठ आहे."

चौघांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मला आजवर फक्त नवीन कवळी बसवलेल्या माणसांनीच पाहिलंय. मी सुखावलो. इतका सुखावलो की सूचना वाचून दाखवत होते तिकडे गेलोच नाही. पाठ असलेल्या धड्याला कोण बसतं?

सरावाची फेरी सुरू झाली. पहिलं वळण उजवं, मोठं, कडेला पांढरी कमान. मी ऐटीत उजवीकडे कललो. रस्ता डावीकडे गेला.

मी आणि माझी गाडी सरळ खडीत गेलो आणि उभ्या उभ्याच रुतलो. झेंडा घेतलेला मार्शल सावकाश चालत आला.

"हे वळण उजवं आहे ना?" मी विचारलं.

"होतं," तो म्हणाला. "आज शर्यत उलट्या दिशेने आहे. आठ दिवस झाले फळ्यावर लिहून. सकाळी सांगितलंही."

म्हणजे माझी अकरा पानं अकराव्यापासून पहिल्याकडे, आणि वर प्रत्येक डाव्याचं उजवं. तुम्ही बाराखडी उलटी म्हणून बघा, तीही ताशी दीडशेने, म्हणजे माझी अवस्था कळेल.

मी गाडी ढकलत परत आलो. बायकोने सगळं ऐकून घेतलं, वही उघडली, शेवटच्या पानावरून मागे वाचायला लागली, आणि दोन मिनिटांनी मिटली.

"हे आता होणार नाही," ती म्हणाली. "कोणाच्या तरी मागे जा."

शेजारच्या गाळ्यात पिवळ्या हेल्मेटवाल्या बेकरीवाल्या बाई होत्या. पंचावन्नच्या पुढच्या. वीस वर्षं याच ट्रॅकवर चालवतायत, दोन्ही दिशांनी. पहाटे पाव भट्टीत टाकून येतात, त्यामुळे हातमोज्यांना पीठ लागलेलं असतं. मी त्यांच्याकडे जाऊन खरं काय ते सांगितलं.

"राहा की माझ्या मागे," त्या म्हणाल्या. "पण डोळे उघडे ठेवा. मी करते ते सगळंच करू नका."

यातलं पहिलं वाक्य मी लक्षात ठेवलं.

त्या चार नवख्यांना मात्र मी काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. दोनदा त्यांच्या गाळ्यापर्यंत गेलोही, पण एकाने उठून मला बसायला खुर्ची दिली आणि मी हवापाण्याचं बोलून परत आलो.

शर्यत दहा फेऱ्यांची, गाड्या बावीस. मुख्य रस्त्याला लागून, एका बुटक्या भिंतीपलीकडे एक अरुंद गल्ली असते, तिला पिट लेन म्हणतात. बिघडलेल्या गाड्या तिथे आत येतात. त्या गल्लीत ताशी चाळीसच्या वर जायचं नाही आणि चालत्या गाडीला ओलांडायचं नाही, नाहीतर बाद. बायको तिथेच, भिंतीशी खुर्ची टाकून बसणार होती. माझा क्रमांक आणि उरलेल्या फेऱ्या पाटीवर लिहून मला दाखवायचं काम तिचं. मागच्या एका शर्यतीत तिने पाटीवर "घाई नको, मान सैल सोड" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. ते वाचायच्या नादात माझी मान जवळजवळ निघाली होती. या वेळी फक्त आकडे, असं ठरलं.

शर्यत सुटली आणि मी पिवळं हेल्मेट धरलं. काय सांगू तुम्हाला, तीन वर्षांत मला कळलं नव्हतं ते त्या दहा मिनिटांत कळलं. बाई ब्रेक लावतील तिथे ब्रेक, बाई कलतील तिथे कलायचं. मला विचार करावा लागत नव्हता, आणि विचार थांबल्याबरोबर मी चांगलं चालवायला लागलो. एकेक गाडी मागे पडत गेली. सातव्या फेरीत मान किंचित वळवून पाहिलं तर मागे चार गाड्या, एकामागे एक, शाळेच्या सहलीसारख्या. माझ्या पुढे जायचा प्रयत्नही कोणी करत नव्हतं. मला वाटलं, दबदबा म्हणतात तो हाच.

नऊ फेऱ्या झाल्या तेव्हा पाटी दिसली. वर बारा, खाली एक. म्हणजे मी बारावा, आणि एक फेरी बाकी. हेल्मेटच्या आत मी एकटाच हसत होतो.

शेवटच्या वळणाच्या थोडं आधी बाईंनी डावा हात वर केला. मला वाटलं, शाबासकी देतायत. मीही आदराने डावा हात वर केला. नंतर कळलं की माझ्या मागच्या चौघांनीही केला होता.

शाबासकी वगैरे काही नव्हती. बाईंचं इंजिन खोकायला लागलं होतं. हात वर करणं म्हणजे "मी पिटमध्ये वळतेय, मागे येऊ नका." बाई डावीकडे वळल्या. मी डावीकडे वळलो. माझ्या मागून चार गाड्या शिस्तीत डावीकडे वळल्या.

दोन्ही बाजूंना भिंती आल्या आणि पुढे चाळीसची पाटी दिसली तेव्हा मला कळलं की आपण पिट लेनमध्ये आहोत, आणि मी ब्रेक आवळला. बाई त्यांच्या गाळ्यापाशी थांबल्या, मागे पाहिलं आणि हेल्मेटची काच वर केली. "तुम्ही कुठे निघालात?" एवढंच त्या म्हणाल्या.

तोवर मेहुणा पाना घेऊन धावत आला होता. "काय झालं, भाऊजी? बेअरिंग गेलं? बंद करा, बंद करा."

"काही गेलं नाही. रस्ता चुकलोय."

"ट्रॅकवर रस्ता कसा चुकेल?"

याचं उत्तर द्यायला वेळ नव्हता. भिंतीपलीकडून एक गाडी झूम करून गेली. मागून दुसरी. बाई थांबल्यामुळे अकरावा झालो होतो, तो बारावा झालो, तेरावा झालो. आयुष्यातला एकमेव गुण माझ्या डोळ्यांदेखत भिंतीपलीकडून निघून चालला होता, आणि मागे चार गाड्या हॉर्न नसल्यामुळे नुसत्या गुरगुरत होत्या.

इतक्यात बायकोचा आवाज आला. ती कधी ओरडत नाही. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचतो तो आवाज तिने लावला.

"पुढे जा. रेषा इथेही आहे."

तिला हे कसं माहीत, ते मला नंतर कळलं. सकाळी तिने खुर्ची मांडली होती ती नेमकी एका पांढऱ्या पट्ट्यावर. वेळ मोजणाऱ्या गृहस्थांनी येऊन तिला उठवलं होतं. "बाई, ही शेवटची रेषा भिंतीतून आरपार येते. इकडून कोणी गेलं तरी आम्ही मोजतो," असं त्यांनी समजावून सांगितलं होतं. तिने विद्यार्थिनीसारखं ऐकून घेतलं होतं. शेवटी सूचना ऐकणारं आमच्या घरात कोणीतरी आहे.

मी क्लच सोडला. रेषा साधारण ऐंशी पावलांवर होती. काटा पस्तीस, अडतीस, एकोणचाळीस. पलीकडून तिसरी गाडी गेली, चौथी गेली. मी पंधरावा. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, पाचवी शेवटच्या वळणातून बाहेर पडून सरळ रस्त्याला लागली होती. ती दीडशेने येत होती. मी चाळीसने जात होतो, आणि आम्हा दोघांना एकच रेषा गाठायची होती.

उजव्या हाताला इतकी खाज मला कधी सुटली नव्हती. थोडं पिळलं की साठ, पण साठ म्हणजे बाद. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही, अशी जी शिस्त मी वीस वर्षं लोकांच्या जबड्यांवर खर्च केली ती सगळी मनगटात गोळा केली. काटा चाळीसला चिकटवून धरला. माझ्या मागे चौघं चाळीसनेच, एका ओळीत. कठड्यावरचे पाचपन्नास प्रेक्षक उठून उभे राहिले होते. इतक्या सावकाश चाललेली इतकी अटीतटीची शर्यत त्यांनी पाहिली नसावी. झेंडेवाला मुख्य रस्त्याकडे तोंड करून झेंडा हलवत होता. त्याने एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं, आणि मग तो दोन्हीकडे आळीपाळीने हलवायला लागला.

मी रेषा ओलांडली. पापणी लवायच्या आत पाचवी गाडी भिंतीपलीकडून गेली.

मग अर्धा तास नियमांचं पुस्तक. क्लबचे अध्यक्ष निवृत्त पोस्टमास्तर आहेत. त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, मग शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत.

"पिटमधून शर्यत संपवू नये असं कुठेही लिहिलेलं नाही," ते शेवटी म्हणाले. "लिहावं असं कोणाला वाटलंच नसणार." आणि त्यांनी माझ्या नावापुढे पंधरा लिहिलं.

एक गुण.

मेहुण्याने मला उचललं आणि लगेच खाली ठेवलं. बायकोने पाटी पुसून मोठ्या अक्षरात "शाबास" लिहिलं आणि माझ्या हातात दिली. बेकरीवाल्या बाईंनी पावांची पिशवी आणून ठेवली. "मी पन्नास वेळा आत वळले असेन," त्या म्हणाल्या, "पण वरात घेऊन पहिल्यांदाच."

ती वरात आता माझ्यासमोर उभी होती. चहाच्या खिडकीशी भेटलेली तीच चौघं, हेल्मेटं बगलेत. त्यांच्यातला एक म्हणाला, "काका, तुम्हाला ट्रॅक पाठ होता ना?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "उलटा पाठ होता," मी म्हणालो, आणि सोफ्यापासून खडीपर्यंत सगळं सांगितलं. ते ऐकत गेले, आणि निळ्या टाकीपर्यंत आलो तेव्हा एकाला हसू फुटलं. मग सगळ्यांनाच. पाव तिथेच संपले.

त्या मोसमात गुणांच्या तक्त्यात माझं नाव सर्वांत खाली आहे, पण आहे. घरी येताना गाडी बायकोने चालवली, मेहुणा मागे झोपला, आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

दोन महिन्यांनी नव्या मोसमाचं नियमांचं पुस्तक टपालाने आलं. बायकोने चाळता चाळता मध्येच एका पानावर बोट ठेवलं आणि वाचून दाखवलं. "कलम एकोणीस, नवीन. अपघात किंवा बिघाड नसताना पिट लेनमधून शेवटची रेषा ओलांडल्यास तो स्पर्धक बाद समजला जाईल."

माझी छाती जराशी फुगली. "अध्यक्ष मला म्हणाले होते," मी म्हणालो, "क्लबच्या इतिहासात असं करणारा मी पहिलाच."

"आणि शेवटचाही," ती पुस्तक मिटत म्हणाली. "तसा नियमच केलाय त्यांनी."