मामांचा शेरा

बबनमामा कॉम्प्युटरला हात लावण्याआधी पायातले सेफ्टी बूट काढून दाराशी ठेवतात. कुणी हसलं की म्हणतात, "भाताच्या खळ्यात आमी कवा चपला घालून गेलो न्हाई. ह्यो बी पोटालाच घालतोय."

उरवड्याच्या आमच्या कारखान्यात मामा स्टोअर सांभाळतात. हातमोज्यांपासून बेअरिंगपर्यंत सगळं त्यांच्या खिडकीतून मिळायचं. मी तिथला कॉम्प्युटरवाला. नवी सिस्टीम मीच बसवली. कामगारानं मशीनजवळच्या स्क्रीनवर मागणी टाकायची, माल जागेवर येणार. रीतसर ट्रेनिंग दिलं. मंडळींनी समोसे खाल्ले, माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मागणी टाकून लगेच खिडकीशी जाऊन विचारू लागली, "मामा, पोचली का?" पायपीट वाचायची ती राहिलीच, वर बटणं दाबायचं काम वाढलं.

मग मामांनीच मनावर घेतलं. मागणीखाली शेऱ्याचा एक रकाना होता, मी आपला शोभेला ठेवलेला. त्यात मामा एका बोटानं टाइप करू लागले, "मोजे धाडलं. जेवलास का?" कुणाला, "पोरीचा ताप उतरला का?" उत्तर द्यायचं तर स्क्रीन उघडावीच लागे. बिहारचा वेल्डर हिंदीत उत्तर देई, मामा त्याला मराठीत दटावत. बघता बघता खिडकीवरची गर्दी संपली.

कंपनीच्या इतर कारखान्यांत हीच सिस्टीम धूळ खात पडलेली. म्हणून हेड ऑफिसचे साहेब आमच्याकडे बघायला आले. मी अभिमानानं सांगितलं, हे सगळं आमच्या मामांचं काम. साहेब खूश झाले, पण शेरे वाचून म्हणाले, हा रकाना बंद करा, यात कामाचं काहीच नाही. चालतंय ते त्याच्यामुळेच, असं मी म्हणून पाहिलं.

मामा खाली बघत म्हणाले, "करा बंद, साहेब. पर खिडकीवर आता कुणी येत न्हाई. घरी कारभारीण ऱ्हायली न्हाई, पोरगं हिंजवडीला. बोलायला मला एवढंच हाय."

 साहेब हळूच म्हणाले, "मामा, तुम्ही जेवलात?"

मामा कॉम्प्युटरकडे वळले. त्या रकान्यात त्यांनी एका बोटानं टाइप केलं, "न्हाई अजून."

साहेबांनी ते वाचलं. रकान्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. आम्ही तिघं कँटीनला गेलो.