सरकारची मुंज

ऑफिसात सत्यनारायण असला की निकमबाई आपलं टेबल व्हरांड्यात न्यायच्या. टेबल जुनं सागवानी. एक टोक त्या धरायच्या, दुसरं मला धरावं लागायचं. माझा त्या दिवशी उपास असे, अंगावर नवी साडी असे, आणि मला पूजेला पुढे बसायचं असे. पण माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं, आणि नशिबातले भोग काही चुकत नाहीत.

नाशिकरोडचं ते दाखले-उतारे देणारं लहानसं सरकारी ऑफिस, नव्वदच्या दशकातलं. वत्सला निकम तिथल्या हेडक्लार्क. त्या देव मानत नसत, आणि तेही मोठ्यांदा. पूजेचा विषय निघाला की चष्मा खाली ओढून विचारायच्या, "सरकारची मुंज झालीय का गं, सुनंदा?" झालेली नाही, हे मला पाठ होतं. तरी दरवर्षी विचारायच्या.

देवाची भीती नसलेली बाई काय वाटेल ते करील, असं आमचे स्टोअरकीपर म्हणत. तेच रजेवर जाताना किल्ल्या मात्र निकमबाईंकडे देऊन जात. यांच्या घरी सणवार नसणार, असं मला वाटे. पण देवळाली कॅम्पात त्यांच्या यजमानांचं सायकलचं दुकान होतं, आणि ते जुन्या चाकांच्या तारांचा असा काही आकाशकंदील करत, की दिवाळीत गल्लीतली पोरं आधी त्यांच्या दारात जमत.

पूजा आटोपली की व्हरांड्यातून हाक यायचीच, शिरा उरलाय का म्हणून. मी एकदा वैतागून म्हटलं, पूजा चालत नाही, मग प्रसाद कसा चालतो? तर म्हणाल्या, "शिऱ्यात रवा, तूप, साखर. तिघांशीही माझं भांडण नाही."

एका श्रावणात नव्या साहेबांनी पूजा ऐन कामाच्या वेळेत ठेवली आणि दाखल्यांची खिडकी बंद केली. नेमके त्या दिवशी नांदगावकडून एक वयस्कर मुसलमान गृहस्थ दाखल्यासाठी आले. दारात चपलांचा ढीग आणि आत मंत्र चाललेले पाहून ते फाटकापाशीच थांबले. निकमबाईंनी आत बोलावलं, तर म्हणाले, "तुमचा कार्यक्रम होऊ द्या बाई. लय लांबून आलोय, पण थांबतो मी."

बाईंनी त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, तिथंच त्यांचा अर्ज लिहिला आणि तो घेऊन थेट आत आल्या. आरती चालू होती. ती संपेपर्यंत अर्ज धरून उभ्या राहिल्या. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुमच्या पूजेला माझी हरकत नाही. घरी करा, मी शिरा ढवळायला येईन. पण बाहेर एक माणूस थांबलाय. त्याला वाटतंय हे ऑफिस तुमचं-माझं आहे, त्याचं नाही. त्याला मी काय सांगू?"

साहेबांचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी गंध लागलेल्या हातानं तिथंच सही केली. पुढच्या वर्षी पूजा त्यांच्या क्वार्टरवर झाली आणि निकमबाई खरोखरच शिरा ढवळायला गेल्या.

मग कुणीतरी खवचटपणे म्हणालं, शिपाई शिरसाठ रोज खिशातला वणीच्या देवीचा फोटो स्टुलावर ठेवून पाया पडतो, तेही बंद करा. निकमबाई त्या बोलणाऱ्यावरच उसळल्या. "तो त्याच्या खिशातला देव आहे, ऑफिसच्या भिंतीवरचा नाही. लोकांच्या खिशात सरकारनं हात घालायचा नाही." हे व्याख्यान पुढे आठवडाभर मी डब्याबरोबर खाल्लं.

त्या रिटायर झाल्या आणि वर्षभरात त्यांचे यजमान अचानक गेले. दोघांचं आधीच ठरलेलं होतं, म्हणून दहावं-तेरावं काही केलं नाही. आठवड्यानं मी देवळालीला गेले. बाहेरच्या खोलीत भाड्याच्या घडीच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या होत्या. सगळ्या रिकाम्या.

पहिल्या दिवसानंतर कुणी आलंच नव्हतं.

"लोकांना वाटलं असेल," त्या म्हणाल्या, "ही दिवस करत नाही म्हणजे हिला दुःखही होत नसेल."

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त त्यांचा राग आला. मी म्हटलं, "अहो बाई, माणसांना यायला एक दिवस लागतो. तुम्ही दिवसच ठेवला नाहीत, मग त्यांनी यायचं कधी?"

त्यांनी ओळीबाहेर आलेली एक खुर्ची सरळ केली. मग म्हणाल्या, "रविवार चालेल का गं? सुट्टी असते सगळ्यांना."

मी घरी जाऊन सगळ्यांना फोन केले. रविवारी स्टोअरकीपर आले, साहेब आले, कॅम्पातली सायकलवाली गिऱ्हाइकं आली. शिरसाठनं निकमांच्या फोटोपुढे हात जोडू का म्हणून मला हळूच विचारलं. बाईंनी ते ऐकलं आणि स्वतः बाजूला सरून त्याला जागा करून दिली. माणसं निकमांच्या आठवणी सांगत राहिली, आणि बाई मध्येमध्ये त्यांतल्या चुका दुरुस्त करत राहिल्या.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या मिटायला घेतल्या. त्या म्हणाल्या, "राहू दे. दिवेलागण होईल, तू नीघ. तुझ्या देवांचा खोळंबा नको."

मी म्हटलं, आमचे हे घरी आहेत, ते लावतील दिवा.

मग त्यांनी चहा ठेवला. ओट्याकडे तोंड करून, पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अजूनही यांचा कप धरूनच टाकला जातो गं. रोज एक मोरीत ओतते."

मी माझा कप संपवला आणि आणखी अर्धा मागितला.