गोलातला पहिला

यंदा यात्रेची पत्रिका रंगनाथ आबा स्वतः वाचतील, असं ज्योतीनं गावच्या ग्रुपवर छातीठोकपणे टाकलं. वाडी काष्टीच्या अलीकडची. तिथं बोललेलं लगेच चावडीवर पोचतं.

आबांना दिसत नाही. त्यांचा फोन अक्षरं बोलून दाखवतो. पण कमिटीची पत्रिका म्हणजे दरसाल एक रंगीत फोटो. त्यावर बोट ठेवलं की फोनमधली बाई "चित्र" म्हणून गप्प. गेल्या साली कुणीतरी कुस्त्यांची वेळ चुकीची सांगितली. आबा हलगी घेऊन पोचले तेव्हा आखाड्यात फक्त नारळाच्या करवंट्या होत्या.

ज्योती शाळेत संगणक शिकवते. तिनं पत्रिका अक्षरांत उतरवली, प्रत्येक भागाला मथळा दिला. अडलं ते 'निमंत्रक' म्हणून येणाऱ्या कमिटीच्या फोटोंपाशी. आधी कुणाचं नाव यावरून एकदा यात्राच मोडायला आली होती, तेव्हापासून फोटो गोलात छापतात. गोलाला पहिला नसतो. फोनला मात्र कुठून तरी सुरुवात करावीच लागते. तिनं अकारविल्हे नावं लावली.

सकाळी अध्यक्ष छगनतात्यांनी चावडीवर सगळ्यांसमोर फोनला पत्रिका वाचायला लावली. बाई खणखणीत म्हणाली, "अजिनाथ."

अजिनाथ म्हणजे तात्यांनी निवडणुकीत पाडलेला. त्यानं तिथल्या तिथं सगळ्यांना चहा सांगितला.

"पोरी, आपलं गोल ठरलं हुतं ना?"

"बाईला गोल वाचता येत नाही, तात्या."

"मग समद्यांची नावं एकदम घ्यायला लाव तिला."

दुपारपर्यंत तोडगा निघाला. कमिटीत अकरा जण, म्हणून पत्रिका अकरा. प्रत्येकीत पहिला वेगळा. सगळ्या आबांना पाठवून अख्खी कमिटी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. आबा कुठली उघडतात, यावर गावातला मान ठरणार होता.

आबांनी हाताला आली ती उघडली.

"निमंत्रक," बाई म्हणाली. कमिटीनं श्वास रोखला. आबांनी पडद्यावर बोट उडवलं.

"कुस्त्या. रविवारी दुपारी तीन वाजता."

"आबा, नावं राहिली की!" अजिनाथ कळवळला.

"मथळ्यावरनं मथळ्यावर उडी मारता येतीया. मधलं ऐकावं लागत न्हाई." आबांचा चेहरा उजळला होता. "यंदा मला कुनाला इचारायचं काम न्हाई. लई झाक केलंस, ज्योती."

ज्योतीची मान जरा ताठ झाली. अख्ख्या तालुक्यात अशी पत्रिका नसेल, असं ती म्हणणार, तोच छगनतात्या तिच्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले,

"पुढच्या साली ते मथळे तेवढे नको टाकू."